विश्लेषण : घरी बनवलेला रेडिओ ट्रान्समीटर कायदेशीर असतो का? गिरगावच्या ‘काँग्रेस रेडिओ’पासून आजच्या परवान्यापर्यंत…

ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाट्यांवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी इलेक्ट्रॉनिक्सचे सामान घ्यायला येणाऱ्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच. रेझिस्टर, कॉइल, ट्रान्झिस्टर, क्रिस्टल असे सुटे भाग इथे काउंटरवर मोजून मिळतात. त्यातून कुणी पाण्याच्या टाकीचा अलार्म बनवतो, कुणी गणपतीच्या मखरासाठी दिव्यांची माळ. अशी बहुतेक सर्किट घराच्या चार भिंतींत राहतात. रेडिओ ट्रान्समीटरचे तसे नाही. त्याचा सिग्नल भिंत ओलांडतो आणि तिथूनच कायद्याचा संबंध सुरू होतो. याच परिसरात ८० वर्षांपूर्वी हौशी तंत्रज्ञाने जुळवलेल्या ट्रान्समीटरने ब्रिटिश सरकारची झोप उडवली होती. तो प्रयोग काय होता आणि आज तसे काही घरी बनवायचे असेल, तर नियम काय सांगतात?

काँग्रेस रेडिओ काय होता?

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉर होता आणि आकाशवाणी सरकारच्या ताब्यात होती. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी या तरुणांनी गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. २७ ऑगस्ट १९४२ पासून ‘हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी बोलत आहे’ अशा अर्थाची उद्घोषणा लघुलहरींवर ऐकू येऊ लागली. राम मनोहर लोहिया आणि अच्युत पटवर्धन या भूमिगत नेत्यांचा या केंद्राला आधार होता.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, हिंदी आणि इंग्रजीत कार्यक्रम होत. पुढे ते संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या एका तासावर आले. जमशेदपूरचा संप, चितगाववरील बॉम्बहल्ला, विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथील अत्याचार अशा सेन्सॉरने अडवलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोहोचवणे हे या केंद्राचे मुख्य काम होते. चौपाटीची ‘सी व्ह्यू’ इमारत, लॅबर्नम रोड, तेव्हाचा सँडहर्स्ट रोड, गिरगावची पारेख वाडी अशा जागा बदलत हे केंद्र सुमारे अडीच महिने चालले.

ट्रान्समीटर कोणी उभा केला?

ट्रान्समीटर जुळवण्याचे काम नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने केले. ते हौशी रेडिओ चालवणारे, म्हणजे आजच्या भाषेत ‘हॅम’ होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने थांबवले आणि ट्रान्समीटर जमा करण्याचे आदेश दिले. यंत्रे गेली, पण ती बनवण्याचे ज्ञान जमा करून घेता येत नाही. कोणत्या भागाच्या जागी कोणता चालेल, अँटेना किती लांब हवी, व्हॉल्व्ह तापला तर काय करायचे, हे ज्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र बनवले होते त्यांनाच ठाऊक होते. काँग्रेस रेडिओ उभा राहू शकला, तो या ज्ञानामुळे.

४२.३४ मीटर हा आकडा काय सांगतो?

हा आकडा म्हणजे तरंगलांबी. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर वेगाने जाते. या वेगाला ४२.३४ ने भागले, की सेकंदाला सुमारे ७१ लाख आवर्तने, म्हणजेच ७.०८ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी मिळते. भारतात आज हौशी रेडिओसाठी दिलेला ‘४० मीटर बँड’ ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. काँग्रेस रेडिओचा आकडा नेमका त्यात बसतो. गुप्त केंद्राच्या मुळाशी हौशी रेडिओचे तंत्र होते, हे यातून सहज लक्षात येते.

हा पट्टा सोयीचाही आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन खाली येतात. त्यामुळे दिवसा काही शे किलोमीटर आणि रात्री त्याहून बरेच दूर पोहोचता येते. अडचण एकच, अँटेनाची. तरंगलांबीच्या निम्मी तार लावायची म्हटली, तरी ती साधारण २१ मीटर होते. बेस्टच्या दोन बस एकामागोमाग उभ्या केल्यावर जेवढी लांबी होईल, जवळपास तेवढी. दाटीवाटीच्या वस्तीत अशी तार कुणाच्या नजरेत न येता लावणे ही त्या काळी मोठीच जोखीम होती.

ट्रान्समीटरमध्ये असते काय?

कितीही मोठा किंवा लहान असो, आवाज पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची मूळ रचना सारखीच असते. पहिला भाग ऑसिलेटर. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे, तसा तो ठरलेल्या फ्रिक्वेन्सीची लहर सतत निर्माण करतो. ही फ्रिक्वेन्सी हलू नये म्हणून क्वार्ट्झचा क्रिस्टल वापरतात. दुसरा भाग मॉड्युलेटर. मायक्रोफोनमधून आलेला आवाज तो या लहरीवर चढवतो. तिसरा अ‍ॅम्प्लिफायर, जो सिग्नलची ताकद वाढवतो. चौथा फिल्टर, जो नको असलेल्या फ्रिक्वेन्सी गाळतो. शेवटी अँटेना.

१९४२ मध्ये हे सारे काचेच्या व्हॉल्व्हवर चाले. ट्रान्समीटरच्या व्हॉल्व्हला काही शे व्होल्टचा पुरवठा लागे. आज तेच काम बोटाच्या पेराएवढे ट्रान्झिस्टर १२ व्होल्टवर करतात. हैदराबादचे अशर फरहान यांनी तयार केलेला ‘बिटएक्स’ हा हॅम रेडिओ याचे उत्तम उदाहरण आहे. भारतातल्या साध्या दुकानांत मिळतील अशाच भागांतून तो बनावा, असा त्यामागचा विचार होता. परदेशातून मागवाव्या लागणाऱ्या खास गोलाकार कोअरऐवजी नळात बसवायच्या नायलॉनच्या वॉशरवर तार गुंडाळून कॉइल करण्याची युक्ती त्यात होती. जगभरातील हौशी मंडळींनी हे डिझाइन उचलून धरले. २०१६ मध्ये आलेली ‘बिटएक्स ४०’ ही आवृत्ती त्याच ४० मीटर बँडवर चालते.

पोलिसांना केंद्र सापडले कसे?

ट्रान्समीटर चालू केला, की तो आपला पत्ता स्वतःच सांगू लागतो. लूप अँटेना फिरवली, की एका विशिष्ट दिशेला सिग्नल सर्वात क्षीण होतो. त्यावरून दिशा कळते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अशा दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. म्हणूनच काँग्रेस रेडिओला सतत जागा बदलाव्या लागत. पोलिसांची यंत्रणा हे कार्यक्रम ऐकून लिहून ठेवत होती. गंमत अशी, की त्या प्रक्षेपणांचा बराच मजकूर आज अभ्यासकांना मिळतो तो या पोलिसी नोंदींमुळेच.

शेवटी घात मात्र यंत्राने नव्हे, तर माणसाने केला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेख वाडीत कार्यक्रम सुरू असताना पोलिसांनी छापा घातला. आपल्याच तंत्रज्ञाने ठिकाण दाखवून दिले, असे उषा मेहता यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. विशेष न्यायालयातील खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिवर्धकांच्या प्रसिद्ध कंपनीचे नानिक मोटवानी यांची सुटका झाली. उषा मेहता १९४६ मध्ये तुरुंगातून बाहेर आल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आज घरी ट्रान्समीटर बनवला तर तो गुन्हा ठरतो का?

परवान्याशिवाय किंवा नियमांत दिलेल्या सवलतीशिवाय बनवून चालवला, तर होय. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा या दोन ब्रिटिशकालीन कायद्यांनी दीर्घकाळ हे क्षेत्र बांधलेले होते. १९३३ च्या कायद्यात तर वायरलेस उपकरण केवळ जवळ बाळगण्यासाठीही परवाना लागे. ज्येष्ठ वाचकांना घरच्या रेडिओ सेटचे लायसन्स आठवत असेल. ते ऐंशीच्या दशकात रद्द झाले आणि रेडिओ ऐकणे मोकळे झाले. प्रक्षेपण करणे मात्र मोकळे झाले नाही.

आता या जुन्या कायद्यांची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा घेत आहे. त्याची अनेक कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. अधिकृत परवानगीशिवाय दूरसंचार सेवा किंवा नेटवर्क चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे.

छोट्याशा एफएम किटने काय बिघडते?

एक ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक माइक आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर एफएम ट्रान्समीटर चालतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो वर्षानुवर्षे लोकप्रिय आहे. पण बहुतेक किटमध्ये क्रिस्टल नसतो. बॅटरी उतरली, कॉइलजवळ हात नेला किंवा खोली तापली, तरी फ्रिक्वेन्सी सरकते. फिल्टर नसल्याने मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट ठिकाणीही सिग्नल जातो.

एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच विमान वाहतुकीचा पट्टा सुरू होतो. विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेशी जुळवून घेण्यास मदत करणारी यंत्रणा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये काम करते. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचा संवाद त्याच्या वर, १३७ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात होतो. मुंबईसारख्या शहरात, जिथे विमाने वस्तीवरूनच उतरतात, तिथे ‘छोटासाच तर आहे’ हे समर्थन म्हणूनच टिकत नाही.

बिहारमधील मन्सूरपूरच्या राघव महतो या तरुणाने दुरुस्तीच्या दुकानातून घरगुती एफएम केंद्र चालवले होते. गावकऱ्यांत ते अतिशय लोकप्रिय झाले, जगभरातील माध्यमांनी त्याची दखल घेतली. तरी परवाना नसल्यामुळे २००८ मध्ये ते बंद पडले.

परवाना नसताना काय वापरता येते?

घरच्या प्रोजेक्टमध्ये वायरलेस जोडणी हवी असेल, तर मार्ग बराच मोकळा आहे. वायफाय आणि ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा, दूरवरचे सेन्सर जोडण्यासाठीचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि साध्या रिमोटसाठीचा ४३३ ते ४३४.७९ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरवून दिलेल्या कमी शक्तीसाठी परवानामुक्त आहेत. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी घरात मोबाइलवर पाहायची असेल, तर मान्यताप्राप्त वायफाय मॉड्यूल पुरेसे असते. त्यासाठी वेगळा ट्रान्समीटर बनवण्याची गरज नाही. मात्र या पट्ट्यांत शक्ती वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर जोडले, की सवलत संपते.

वॉकीटॉकीचेही तसेच आहे. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या गर्दीत कार्यकर्त्यांच्या हातात हे संच हमखास दिसतात. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. बाकीच्यांना परवाना लागतो. अशा संचांची बेकायदा विक्री होत असल्यावरून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. ऑनलाइन मिळतो म्हणजे वापरणे कायदेशीर आहे, असा अर्थ काढू नये.

हॅम परवाना कसा मिळतो?

केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा त्यासाठी परीक्षा घेते. किमान वय १२ वर्षे. ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘जनरल’ अशा दोन श्रेणी आहेत. रेडिओचे तंत्र आणि नियम या दोन विषयांवर प्रश्न असतात. जनरल श्रेणीसाठी मोर्स कोडही यावा लागतो. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करता येतो. नव्या कायद्यानुसार नियमांत बदल होत असल्याने अर्ज करण्यापूर्वी पोर्टलवरील ताज्या अटी पाहणे हिताचे. परवान्यासोबत ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होणारे स्वतंत्र संकेतनाम मिळते. जगात कुणाशीही बोलताना हीच त्या व्यक्तीची ओळख.

मोबाइल ठप्प झाल्यावर हा छंद कामाला येतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅमचा गट अंदमानात होता. मुख्य भूमीशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचांवरून बेटावरची खुशाली देशभर पोहोचली.

मग हॅम परवाना घेऊन ‘काँग्रेस रेडिओ’ चालवता येईल का?

नाही. हॅम परवाना हा दुसऱ्या हॅमशी बोलण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि शिकण्यासाठी असतो. गाणी लावणे, व्यवसाय करणे, लोकांसाठी कार्यक्रम किंवा बातम्या प्रसारित करणे त्यात बसत नाही. वस्तीसाठी केंद्र हवे असेल, तर सामुदायिक रेडिओचा मार्ग आहे. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानंतर सामाजिक संस्थांना त्याची दारे उघडली. मुंबई विद्यापीठाचे केंद्र याच प्रकारातले. एकट्या व्यक्तीला हा परवाना मिळत नाही. शिवाय खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, आकाशवाणीचीच बातमीपत्रे सहक्षेपित करता येतात. म्हणजे उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी जे काम केले, ते रेडिओच्या लहरींवर आजही सर्वसामान्य नागरिकाला खुले नाही. तेच काम मोबाइलवरून इंटरनेटवर करायला मात्र कोणत्याही रेडिओ परवान्याची गरज पडत नाही.

सुरुवात कुठून करावी?

आधी ऐकायला शिकावे, मग बोलायला. आकाशवाणी ऐकता येईल असा साधा रिसीव्हर स्वतः बनवला, की कॉइल, ट्यूनिंग आणि अँटेना यांचे नाते हातात बसते. तेवढ्या काळात परीक्षेचा अभ्यास होतो. पुढे ट्रान्समीटर बनवताना काही पथ्ये महत्त्वाची :

– चाचणी थेट अँटेनावर घेऊ नये. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा ‘डमी लोड’ जोडला, की शक्ती उष्णतेत जाते आणि सिग्नल जवळजवळ बाहेर पडत नाही.

– लो-पास फिल्टर वगळू नये. चार कॉइल-कपॅसिटरची बचत शेजाऱ्याच्या टीव्हीला आणि इतर सेवांना महागात पडते.

– जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये.

– गच्चीवर तार लावण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी, विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि पावसाळी गडगडाटात अँटेना संचापासून सोडवून ठेवावी.

– दादर-गिरगावसारख्या दाट वस्तीत स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांचा खरखराट ७ मेगाहर्ट्झवर भरपूर असतो. संचात दोष शोधण्याआधी घरातील असे दिवे आणि चार्जर बंद करून पाहावेत.

ट्रान्समीटरचे सुटे भाग १९४२ मध्ये मिळवणेच अवघड होते. आज ते एका दुपारच्या खरेदीत मिळतात. त्यामुळे कस लागतो तो सिग्नल कुठे जाईल, कुणाला अडथळा करील आणि त्याची जबाबदारी कुणाच्या नावावर असेल, हे माहीत असण्यात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहेत. म्हणून लॅमिंग्टन रोडच्या यादीत क्रिस्टल आणि ट्रान्झिस्टर लिहिण्याआधी परीक्षेचा अर्ज भरलेला बरा.